मुळ्याच्या बीएवढी अंडी

११ मार्च
आज सहावी गेली. सातांपैकी एकच काडीकिडा उरला, मादी. नर मुळात नव्हताच. या जातीला लागतही नाही – मादी एकटीच अंडी घालते, त्यातून पुन्हा माद्याच.

हे किडे मला आणून देणाऱ्या कॉलेजच्या सरांचा फोन. "परशराम, मी परत जाऊन बघितलं. रस्त्यासाठी ती झुडपं तोडली. तिथं आता एकही नाही." म्हणजे जे काही उरलंय ते कंग्राळीत, माझ्या खिडकीतल्या जाळीच्या पेटीत. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं मेलेले किडे बाटल्यांत भरले. जिवंत सांभाळायला मिळाले निवृत्त झाल्यावर, तेही असे.

२ एप्रिल
अंडी ४१. तपकिरी, टणक, हुबेहूब मुळ्याच्या बीएवढी. श्रीखंडाचा रिकामा डबा धुऊन त्यात ठेवली. दुसरा डबा आक्काने नेला, बियाण्याला.

६ मे
आक्का पेटीसमोर उभी. "लेकरागत काय जपतोस रं? हालत न्हाय, बोलत न्हाय." म्हटलं, माझ्यासारखीच आहे. हसली. बेळगुंदीचं घर बंद करून दोन वर्षं माझ्याकडे राहते, माझं रांधते. आज पहिल्यांदा पेरूचा पाला तिने आणून दिला.

३१ मे
शेवटची मादी गेली. फांदीला चिकटूनच होती, दुपारपर्यंत कळलंही नाही. अंडी ११८. आता सगळं त्या डब्यावर.

१ जून
खिडकीत मुंग्या! डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. आक्काला सांगितलं नाही. किड्यांची अंडी स्वयंपाकघरात म्हटलं तर लई ऐकावं लागेल.

५ जून
आक्का पेरणीला बेळगुंदीला. परवा येते म्हणाली.

९ जून
डबा नाही.

फळी धुऊनपुसून लख्ख. गावाहून परतलेल्या आक्काला म्हटलं, फेकलास ना माझा डबा? "मी काय टाकलं न्हाय." डब्यात काय होतं ते सांगायला हवं होतं. ते सोडून म्हणालो, तू आल्यापासून या घरात काही जागेवर राहत नाही. तिने पिशवी भरली. चहा ओट्यावर तसाच ठेवून दुपारच्या बसने गेली.

१० जून
घंटागाडीवाल्याला विचारलं. हसला.

३ जुलै
सरांना कळवलं – संपलं. पेटी धुऊन माळ्यावर टाकली.

२० जुलै
भात रोज गिच्च होतो. आक्काचा फोन नाही. मीही केलेला नाही. वाईट वाटतं. किड्यांचं जास्त की आक्काचं, ते ठरवत बसत नाही.

११ ऑगस्ट
काही नाही.

२२ ऑगस्ट
सकाळी आक्काचा फोन. अडीच महिन्यांनी. ख्यालीखुशाली नाही, काही नाही.

"परशा, फळीवरचं दोन्ही डबं आनून पेरलं बग मी. एकातला मुळा उगवला. दुसऱ्यातलं बी काय उगवलंच न्हाय. आनि आता वाफ्याकडच्या पेरूवर तुझ्या पेटीतल्यागत बारक्या काड्या चालायल्यात. लई हैत."

फोन कानाला धरूनच मी माळ्यावरची पेटी काढायला स्टूल ओढलं.

"ऐकतोस न्हवं? लौकर ये. खातील म्हनून कोंबड्या डालून ठेवल्यात."