डॅनियल कोण ते आईला पटेना

बुध., ५ नोव्हें.
ऑफिसातल्या फिलोने दिलेली कादंबरी संपूच नये असं वाटतंय. इंग्रजी आहे, पण सोपी. छोटं गाव, एक चर्च, बेकरी चालवणारी विधवा रूथ आणि सुतार डॅनियल. अर्धं पुस्तक झालं, गड्याने अजून तिचा हातही धरलेला नाही. तिच्या फाटकाची बिजागरी दुरुस्त करतो, रविवारी प्रार्थनेला तिच्या मागच्या बाकावर बसतो, बस. आणि छाती माझी धडधडते. जासईच्या यार्डात दिवसभर कंटेनरचे नंबर टाईप केल्यावर असलं वाचलं की जिवाला बरं वाटतं. कव्हरवर क्रॉस आहे म्हणून पेपर चढवलाय. आईला उगाच टेन्शन नको.

शुक्र., ७
घोळ झाला. बाल्कनीत फोनवर फिलोला सांगत होते, "डॅनियलने अजून विचारलंच नाही गं, किती वाट बघायची?" मागे आई, हातात ओले कपडे.
"कोण हाय त्यो डॅनेल?"
पुस्तकातला, म्हटलं. पुस्तक दाखवलं. तिने पेपर काढला, क्रॉस बघितला. "मग झाकून का ठिवलंस?"
तिथेच फसले. मग अख्खी गोष्ट सांगत बसले. सांगेन तसा तिचा संशय वाढतच गेला.

शनि., ८
साताऱ्याच्या मामाला फोन गेला. त्यानेच सुचवलेलं स्थळ, तळोज्याला कंपनीत असलेला तो अमोल, ज्याला मी "सावकाश बघू" म्हटलं होतं, उद्याच येतोय. तुळशीची लग्नं लागलीत, आता थांबायचं कशाला म्हणे. बाबा वाशी मार्केटातून आले, पाठीवरची धूळ न झटकताच बसले, आईचं सगळं ऐकलं. मला एक शब्द नाही. ओरडले असते तरी चाललं असतं. पुस्तक आईच्या कपाटात, कुलूप लावून. मला राग आलाय, भयंकर.

रवि., ९
पोहे झाले. आम्हाला बोलायला गच्चीवर पाठवलं. अमोल सावकाश बोलतो. आवड विचारली. वाचन. काय वाचता? सांगून टाकलं सगळं, आईच्या संशयासकट. पळाला तर पळाला.
"मग विचारतो का तो शेवटी?"
एकदम आवडला मला. खरंच.
खाली आलो. त्याच्या काकांनी विचारलं, काय रे? "मला पसंत आहे." झालं. येत्या रविवारी सुपारी फोडायची. पेढे वाटले. माझ्याकडे कुणी वळून बघितलं नाही. त्यानेही नाही.

मंगळ., ११
बाबा आज बोलले माझ्याशी. सुटलो असं वाटतंय त्यांना. नाही म्हटलं तर डॅनियल खरा ठरतो. हो म्हणावं तर... फिलो म्हणते, आवडलाय ना, मग अडलंय कुठे? अडलंय.
दुपारी यार्डातून त्याला फोन केला. "तुम्ही मला विचारलं नाहीत."
"काय?"
"मला पसंत आहे का ते."
मशीनच्या आवाजातून तो बाजूला गेला. मग, "सगळ्यांना कळवलंय हो. आता विचारून..."
"आणि मी नाही म्हटलं तर?"
"संध्याकाळी येतो. समोर विचारतो."

आलाय. बाहेर बाबांशी बोलतोय. आई दारातून, "जावई आलेत, साडी नेस."
नेसणार नाही. काय सांगणार ते मलाच अजून ठरवता येत नाहीये. पण बाबांसमोर विचारतो का, ते आधी बघायचंय.