पोपटाचा उष्टा पेरू

३ डिसेंबर
सान्वी अडीच वर्षांची झाली. अजून बोलत नाही. हात धरून फ्रिजपर्यंत नेते आणि ‘हं’ म्हणते. बायको, विनिता, घाबरलीय, मी नाही. डॉक्टरांनी कानांची टेस्ट सांगितलीय. घाई कशाला? भाषेचे पार्ट असतात: आवाज, शब्द, अर्थ, वाक्य आणि कुठे काय बोलायचं ते. सगळं वाचून ठेवलंय. एकेक पार्ट घेणार.

५ डिसेंबर
आवाज घेतला. बराच वेळ पा-पा-पा केलं. तिने माझं तोंड हाताने बंद केलं. प्रतिसाद आहे.

९ डिसेंबर
सान्वीच्या मागे ताट आपटलं. तिने वळून पाहिलं नाही. कार्टून चालू होतं, दुसरं काही नाही. विनिता किचनमधून धावत आली. टेस्ट करून घेऊ म्हणाली. मी म्हटलं, ऑफिसात सुट्टी मिळणार नाही. रजा शिल्लक आहेत, पण तो मुद्दा नाही.

१४ डिसेंबर
आई कोपरीहून आमच्याकडे बाळकुमला आली. म्हणाली, पोपटाने चोच मारलेला पेरू दे, तूही त्यानेच बोलायला लागलेलास. शुद्ध अंधश्रद्धा. मी तिला भाषेचे पार्ट समजावले. ती विनिताला म्हणाली, याला पेरू जरा जास्तच झालेला.

१७ डिसेंबर
कामासाठी कल्याणला गेलेलो. सहज मार्केटमध्ये शिरलो. पेरूवाल्याला विचारलं, चोच मारलेला आहे का? तो चिडला, माल एक नंबर आहे म्हणाला. मला खराबच हवाय म्हटल्यावर त्याने पाठ फिरवली.

२० डिसेंबर
आईच्या चाळीमागच्या झाडाचा एक मिळाला. केवळ प्रयोग म्हणून. घरी आल्यावर शंका आली, पोपट की वटवाघूळ? सान्वीपुढे केलेला पेरू मागे घेतला. तेवढ्यात विनिताची चाहूल लागली, म्हणून आख्खा मीच खाल्ला. सान्वी समोर बसून बघत होती.

२३ डिसेंबर
विनिताने मला न विचारता उद्याची अपॉइंटमेंट घेतली. समजा ऐकूच येत नसेल, तर रोज झोपताना मी तिला जे जे सांगितलं, त्यातलं तिच्यापर्यंत काहीच पोचलं नाही. पोटात गोळा आलाय. पेरू असणार.

२४ डिसेंबर
टेस्टरूमच्या दारातून माझा पाय आत पडेना. विनिता तिला घेऊन गेली. बाहेर आल्या तेव्हा विनिता हसत होती. कान उत्तम. बोलण्यासाठी थेरपिस्टकडे न्या, आणि घरी परीक्षा घेणं बंद करा, असं डॉक्टर म्हणाल्या.
मी बाकावर बसून डोळे पुसत होतो. सान्वी आली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि भरल्या वेटिंग रूममध्ये खणखणीत म्हणाली, "बाबा घाबरला."
आवाज, शब्द, वाक्य, सगळं बरोबर. कुठे काय बोलायचं, तेवढं शिकवायचं राहिलंय.
विनिता म्हणते, तेही बरोबर होतं.