लोटलेलं दार

बाबा,

जेवण झाकून ठेवलंय, आधी बीपीची गोळी घ्या.

आई सतत गुणगुणायची त्या गाण्यातल्या ओळीचा अर्थ काल तुम्ही मला विचारलात: ‘दार लोटून ठेव, मी येतेच.’ शाळेत कविता शिकवते ना मी, लगेच अक्कल पाजळली: ती येणार नाहीये, त्याने रडू नये म्हणून नुसतं म्हणतेय. तुम्ही उठलात आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच दाराला कडी घातलीत.

‘चोर शिरेल, कडी लावा’ म्हणत चार महिने मीच तुमच्या मागे लागले होते. काल लावलीत, तर मलाच बघवेना.

परीक्षेत विचारतात तेवढाच अर्थ मला येतो, बाबा.

आज किल्ली नेत नाहीये. दार लोटून ठेवा, मी येतेच.