लिंगाचं पाणी आणि मांजरपुदिना

निलंगा, मंगळवार, संध्याकाळ

आज जे पाहिलं ते अजून खरं वाटेना. लातूर वेगळा जिल्हा झाला, पण टँकर चार दिवसांनीच येतोय. सगळं अंगण वाळलं आणि मी माहेराहून, मुदखेडहून आणलेला मांजरपुदिना तेवढा हिरवा! मी चोरून भांड्यांचं पाणी घालते, पण तेवढ्यानं? त्याच्या वासाला भुलून मांजर त्यात लोळते म्हणून सासूबाई रोज कावतात. एक दिवस उपटणार, हे मी धरूनच चालले होते.

आज बघते तर इष्टलिंगाच्या पूजेचं पाणी, जे त्या कुणाच्या पायाखाली येऊ न देता रोज बेलाच्या झाडाला घालतात, ते त्याच्याच बुडाशी ओतायल्यात! मी सासूबाईंना विचारलं,

“आत्या, ते पाणी बेलाचं न्हवं?”

“बेलाची मुळं खोल हायेत. हे तुझ्यासंगं आलंय. वाळून कसं चालंल?”