कबीसा साल

अप्पा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली आणि तुमच्या एका शब्दाचा अर्थ मला आत्ता कळला. निजामाच्या काळात तुम्ही उर्दू शाळेत शिकलात, म्हणून लीप वर्षाला तुम्ही ‘कबीसा साल’ म्हणायचात. धाकटी एकोणतीस फेब्रुवारीला जन्मली, तेव्हा उदगीरच्या आपल्या कापडदुकानात येईल त्याच्या हातावर पेढा ठेवून सांगत होतात, “कबीसाची लेक हाय माझी. चार सालाला एका वर्षानं मोठी होणार!”

चार वर्षांची झाली तेव्हा तिचा पहिला वाढदिवस तेवढा झाला. त्याच उन्हाळ्यात, भर दुपारी, ती परसातल्या आडात पडली. तिसऱ्या दिवशी तुम्ही आड बुजवायला माणसं बोलावलीत. आई म्हणाली, “पाणी कुठनं आणू आता?” तुम्ही स्वतःच टोपलं उचललंत. मी दाराआड उभी आहे. आधी माती पाण्यात पडल्याचा आवाज येतो, मग चिखलाचा, मग नुसता कोरडा. तुम्ही आत येता, धोतर मातीनं भरलेलं, आणि कोणाकडेच बघत नाही.

चार वर्षांनी शाळेत बाईंनी फेब्रुवारीचे दिवस शिकवले. जेवताना मी मोठ्या ऐटीत म्हटलं, “अप्पा, यंदा कबीसा साल हाय.” तुमचा हात ताटातच थांबला. “तो शब्द या घरात काढायचा न्हाई.” मला वाटलं, तिच्या वाढदिवसामुळं.

गेल्या महिन्यात इथं नांदेडला शेजारच्या बाईंना सहज विचारलं. त्यांनी शाळेत जन्मभर उर्दू शिकवलं. चहा ओतत म्हणाल्या, “मूळ अरबी हाय. कबीसा म्हणजे दाबून भरलेलं. विहीर मातीनं बुजवायची, तर त्यालाबी हाच शब्द लावतात. सालाची कमी एक दिवस घालून भरतात न, म्हणून कबीसा.” तुम्हाला हे ठाऊक असणार, अप्पा. पहिलं टोपलं उचलतानाही ठाऊक असणार. तेव्हापासून भांडी घासताना, देवापाशी बसले असताना, तो कोरडा आवाज मधेच येतो आणि मी उठून परसदार लावायला जाते. या घराला परस नाही.

हे पत्र वहीतच राहील. त्या दुपारी तुम्ही विचारलंत, “तू कुठं होतीस?” मी म्हणाले, “झोपले होते.” झोपले नव्हते. ओट्यावर गजगे खेळत होते. ती सारखी मधे येऊन गजगे उचलत होती, म्हणून मीच तिला म्हणाले, “जा, परसात खेळ.”