लाल पट्टी

ताई,

हे पत्र मी पाठवणार नाही, म्हणून खरं लिहिते. भाऊजी दवाखान्यात आणण्याआधीच गेले, असं मी तुला सांगितलं. ते खोटं होतं.

बाहेर गोळीबार, आत ऑपरेशनचं टेबल एकच. दारात मी जखमींच्या मनगटांना पट्ट्या बांधत होते. लाल म्हणजे आधी आत, काळी म्हणजे आम्ही हात टेकले. आग लागो त्या रंगांना! भाऊजींनी फाटलेलं पोट दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. मी काळी बांधली.

ते हसले. "मेहुणीचा काहीच वशिला नाही का गं?"

"लाल संपल्या, भाऊजी."

"मग राहू दे."

तेवढ्यात शेजारी एका बाईला आणून टाकलं. मी खिशातून लाल पट्टी काढली आणि तिला बांधली.

भाऊजी बघत होते.

तुझी धाकटी