खिशावरचा हिरवा दोरा

फर्दापूर, ९ जानेवारी २०२५

प्रिय कडूबास, दाऊदचा सलाम. तुमची खुशाली अल्लाहपाशी मागतो.

मी जिवंत आहे. फोनवर पटणार नाय म्हणून हातानं लिहितोय. माझं अक्षर तू शाळेपासून ओळखतोस. फोन बंदच ठेवलाय. लोक मेलेल्याला फोन लावून बघतात आणि मी 'हॅलो' म्हटलं की ठेवून देतात.

घाटाखाली सापडलेल्या माणसाच्या कपड्यांचा फोटो तुझ्या लेकीनं, संस्कृतीनं, तिच्या बातम्यांच्या ब्लॉगवर टाकला. खाली कुणी वाचकानं लिहिलं, हा खाकी शर्ट दाऊद जीपवाल्याचा. बघता बघता ते वर बातमीत चढलं. नमाजाला गेलो तर शेजारचा माणूस सरकून बसला.

पोरीवर रागावू नको. पण त्या माणसाचं काय? पोलिसांनी वाट पाहून त्याला बेवारस म्हणून गावाबाहेर पुरलं. माझ्या नावानं आलेल्या श्रद्धांजल्या मी दुसऱ्याच्या फोनवर वाचत बसतो. त्यातली एकही त्याच्यासाठी नाय. जुम्याला तिथं जाऊन फातिहा पढलो. त्याचा धर्म मला ठाऊक नाय, अल्लाहला असेल.

वहिनींना सलाम. जीव लावतोस तसाच लाव.

तुझा,
दाऊद


बजाजनगर, १४ जानेवारी

दाऊद यास सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुला आता 'मेल्या' म्हणायचीही सोय राहिली नाय. सोबत तीळगूळ आहे, खाऊन दाखव.

संस्कृतीनं तुझं नाव काढून दुरुस्ती टाकली. त्या दुरुस्तीखालीही लोक 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहितायत. वाचतं कोण? फर्दापूरला एक फोन तरी करायचा होतास, असं मी तिला म्हणालो. ती म्हणाली, बाबा, वाचकच आमचे बातमीदार. तेव्हापासून जेवणावर लक्ष नाय तिचं. खालचा एकेक शब्द वाचत बसलीय.

तब्येत जप. आम्हाला तू हवा आहेस.

तुझाच,
कडूबा


बजाजनगर, १९ जानेवारी

ती. दाऊदचाचांना संस्कृतीचा सा. नमस्कार.

पहिल्याच दिवशी, श्रद्धांजल्यांच्या मधोमध, लासूर स्टेशनच्या आशाबाईंनी लिहिलं होतं: "हे दाऊद नाहीत. शर्टाचा उसवलेला खिसा हिरव्या दोऱ्यानं मीच शिवलाय. यांना कुठं ठेवलंय, सांगा."

त्याखाली कुणी हात जोडले होते, कुणी 'ओम शांती' लिहिलं होतं. एक लाल बदाम होता. तो माझा, चाचा. न वाचता मी सगळ्यांना देते.

बाबांना घेऊन लासूरला गेले. शेजाऱ्यांनी आशाबाईंना समजावलं होतं, की बातमीत दुसऱ्याचं नाव आलंय, म्हणजे तुमचा माणूस परत येणार. रोज नवऱ्याचं ताट वाढून ठेवत होत्या. आम्ही सांगितलं तेव्हा त्यांनी आधी ते ताट उचललं, मग खाली बसल्या. त्यांना जागा बघायची आहे. कोणत्या तोंडानं आणू?

माया आटू देऊ नका.

आपली,
संस्कृती


फर्दापूर, २३ जानेवारी

चि. संस्कृतीस अनेक दुआ.

बाईंना घेऊन ये. जसं तोंड आहे तसंच घेऊन ये. खूण म्हणून मी तिथं दगड ठेवलाय. लाख सांगितलं तरी गाव त्या जागेला 'दाऊदची कबर' म्हणतं. जीप तिथून जाते तेव्हा माझाच हात आपोआप दुव्याला उठतो, आणि कुणासाठी उठला ते कळत नाय.

स्टँडवर मी उभा असेन. बाई वाटेत माझं नाव विचारतील. याच नावाच्या भरवशावर त्या ताट वाढत होत्या. तेव्हा काय सांगू, ते तेवढं बाबांना विचारून ठेव.

तुझा,
दाऊदचाचा